क-एक ते क-तेरा

माझ्या लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण असते,
कॉलरच्या आत, न जाणाऱ्या शाईनं.
त्यांना मी 'क' दिला आणि पुढं आकडे.
करवीर रग्बी क्लब, उद्यमनगरच्या पाठीमागं.
मालक बाबासो इंगवले, ओतकामाचा कारखाना.
पोरांना महिन्याचा पगार, खेळायचा पगार,
हे ऐकून माझा मालक हातातली इस्त्री खाली ठेवायला विसरला
आणि एका वकिलाची पँट जळाली.

पहिल्या सामन्याला अख्खी पेठ आली, चेंडू बघायला.
"आयला, अंडं हाय का नारळ?"
"पळायचं म्होरं आन् चेंडू द्यायचा मागं?
ह्यो खेळ न्हवं, ही सोसायटीची निवडणूक हाय."
दुसऱ्या सामन्याला
तिकडं फुटबॉलची फायनल होती.
त्या दिवशी कोल्हापुरात कुणी लग्नाची तारीखसुद्धा धरत नाही.

मला खेळ कळला तो कपड्यांवरून.
क-आठ, धोंडिराम पोवार, मुरगूडच्या तालमीतला,
त्याच्या जर्सीचा तेल-हळदीचा वास
तीन पाण्यांतही निघायचा नाही.
क-दोन, तौफिक शिकलगार, पळणारा.
त्याची पाठ कोरी असायची.
ज्या रविवारी ती मळून आली
त्या रविवारी आम्ही हरलो, हे विचारावं लागायचं नाही.
'आम्ही' असं मी कधीपासून म्हणायला लागले कुणास ठाऊक.

क-तेरा फिजीहून आणलेला, वाइसाके.
दर आठवड्याला बाही उसवलेली.
शेवटी मी काखेत पट्टीच जोडून दिली, माप न घेता.
एकदा पांढरा रस्सा पिऊन तो बराच वेळ गप्प बसला,
मग म्हणाला, नारळ घरचाच आहे.

सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याच्या हातात द्यायचा,
असा त्यांचा नियम.
क्लबला किती वेळा पाडलं ते मी मोजलं नाही.
मैदानाचं भाडं. बसचं डिझेल.
पुण्याची टीम येते म्हणाली आणि आली नाही,
साठ माणसांचं मटण आम्ही वीस जणांनी दोन दिवस खाल्लं.
मग पंचगंगा आली.
गोलाचे खांब तेवढे पाण्याच्या वर, त्यावर बगळे.

पाणी ओसरल्यावर बाबासोंनी चिखलावर कारखान्यातली वाळू ओतली,
जळकी, काळी, लोखंडाच्या वासाची.
पोरांचे गुडघे सोलून निघाले.
माझ्या हौदाचं पाणी त्या मोसमात
शाईसारखं वाहायचं,
आणि त्यात अधूनमधून थोडं लाल.

शेवटच्या सामन्याला एकोणचाळीस माणसं, मला धरून.
माझ्या बिलापोटी गुळाच्या दोन ढेपा आल्या.
"उरलेलं मार्चनंतर, वहिनी."
कुठला मार्च ते बाबासो बोलले नाहीत,
मीही विचारलं नाही, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण
दोन आठवडे तुटलेलं दिसत होतं.

जर्सी न्यायला पोरं एकेक करून आली,
मोडलेल्या लग्नातून आपली चप्पल शोधत निघावं तशी.
वाइसाके पट्टीसकट घेऊन गेला.
क-नऊ राहिली. सदबा खाडे.

परवा उचगावच्या फाट्यावर सदबा दिसला,
गॅसच्या गाडीवर, टाक्या उतरवताना.
एक टाकी निसटली, तो तिच्यासकट आडवा झाला.
झटक्यात उठला.
पाय रोवले, टाकी समोर ठेवली
आणि तळपायानं मागं ढकलली,
मागं न बघता.

टाकी खडखडत गटारापर्यंत गेली.
ड्रायव्हरनं त्याची आई काढली.
सदबा हसला का, ते मला लांबून दिसलं नाही.

हाक मारणार होते. नाही मारली.
पावती अजून पुस्तकातच आहे:
क-नऊ, एक नग, इस्त्रीसह,
तयार.